मदत हवी आहे : वडिलांना पहिल्यांदाच हृदयरोगतज्ज्ञांकडे न्यायचंय

शेवंती :
वडील वय ६४. मधुमेह, बीपी दोन्ही. चालू गोळ्या: ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन ४०, मेटोप्रोलोल २५. महिनाभर चढावर किंवा दुसऱ्या जिन्याला छातीच्या मधोमध दडपण येतं, उभं राहिलं की तीन-चार मिनिटांत जातं. त्यांच्या मते गॅस. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, तरी त्यांनी तज्ज्ञांना दाखवायला चिठ्ठी दिली. गुरुवारी अकराची वेळ आहे, साताऱ्याहून पुण्याला जायचंय.
उपाशी न्यायचं का? स्ट्रेस टेस्ट त्याच दिवशी होते का? आणि ईसीजी नॉर्मल असताना पुढच्या तपासण्या कशासाठी?

गवतीचहा :
शेवंतीताई, तयारीचं नंतर. गुरुवारच्या आत दडपण बसल्याजागी आलं, थांबूनही पंधरा मिनिटांत गेलं नाही, सोबत घाम-मळमळ असली किंवा रोज कमी चालण्यातच येऊ लागलं, तर अकराची वेळ विसरा. १०८ ला फोन करून जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

आता ईसीजीचं. तो हृदय निवांत असतानाचा असतो. धमनी सत्तर टक्के अरुंद असली तरी पडल्या पडल्या लागतं तेवढं रक्त पुरून उरतं, म्हणून कागद स्वच्छ येतो. कमी पडतं ते चढावर. त्यामुळे तज्ज्ञ यंत्राआधी प्रश्न विचारतील, आणि खरं निदान बरंचसं तिथेच होतं. दडपण नेमकं किती चालल्यावर येतं, जेवून चाललं तर लवकर येतं का, गारठ्यात वाढतं का, जबड्यात-डाव्या हातात-पाठीत जातं का, किती मिनिटांत ओसरतं. गॅसचं दुखणं जिना मोजून येत नाही आणि उभं राहिलं म्हणून जात नाही. वडील डॉक्टरांपुढे "तसं काही विशेष नाही" म्हणणाऱ्यांतले असतील, तर हे सगळं आधी चार ओळींत लिहून ठेवा. घरात कुणाला साठीच्या आत हृदयविकार झाला होता का आणि तंबाखू-विडी, हेही लिहा. मिश्रीसुद्धा तंबाखूच.

गोळ्यांची नावं पाठ करू नका, रिकामी पाकिटंच पिशवीत टाका. जुना ईसीजी न्याच, पण त्याचा आज फोटो काढा आणि झेरॉक्स करा. तो कागद उष्णतेने छापलेला असतो, वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो, प्लास्टिकच्या पाकिटात आणखी लवकर. लॅमिनेशन तर मुळीच नको, गरम रोलरखालून कागद काळाच निघतो.

उपाशी नेऊ नका. ग्लिमेपिराइड घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर उतरते, घाम आणि धडधड सुरू होते, आणि डॉक्टरांनाही कळेना की हे हृदय की साखर. लिपिड प्रोफाइलला (रक्तातल्या चरबीची तपासणी) आता बहुतेक ठिकाणी उपास लागत नाही, ट्रायग्लिसराइड (त्यातलीच एक चरबी) फार वाढलेले असले तरच पुन्हा उपाशी बोलावतात. HbA1c (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) आधीच साताऱ्यात करून न्या, क्रिएटिनिन पुढे लागेल.

बारामाही :
तिथे काय होतं ते क्रमाने सांगतो.

बीपी: आल्या आल्या घेऊ देऊ नका. पाच मिनिटं पाठ टेकून, पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर न टाकता, न बोलता. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा वाढतो. पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर घ्यावं. मधुमेह आहे म्हणून उभं करूनही.

ईसीजी: पुन्हा काढतीलच. हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा बिंदू. केस दाट असतील तर जागेवर वस्तरा फिरवतात. थंडीने किंवा घाबरून अंग थरथरलं की रेघ करवतीसारखी येते, अंगावर चादर घ्यायला सांगा. दोन हातांचे चिमटे उलटे लागले तर रिपोर्ट भलताच दिसतो, आणि ही चूक वाटते तेवढी दुर्मीळ नाही. अचानक 'अ‍ॅबनॉर्मल' आलं तर पुन्हा काढायला सांगायला लाजू नका.

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी: डाव्या कुशीवर झोपवून छातीवर जेली लावून वीस-तीस मिनिटं. वर पुढून उघडणारा शर्ट असावा. यातल्या 'ईएफ' आकड्यावरून घरोघरी घबराट होते. ६० टक्के म्हणजे ४० टक्के हृदय निकामी, असं नाही. दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं एवढं रक्त बाहेर पडतं, सगळं कधीच पडत नाही. ५५ ते ७० नॉर्मलच. 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन' (दोन ठोक्यांमध्ये हृदय थोडं कमी सैल पडणं) हे साठीनंतर इतक्या रिपोर्टांत असतं की एकट्या त्या ओळीवर झोप उडवू नये. आणि उलट बाजू: इको नॉर्मल म्हणजे धमन्या मोकळ्या असंही नाही. इकोत स्नायू आणि झडपा दिसतात, ब्लॉक दिसत नाही.

निमूट :
टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतात ती स्ट्रेस टेस्ट) करायची असेल तर मेटोप्रोलोल दोन दिवस आधी बंद करा, नाहीतर टेस्ट वाया जाते.

गवतीचहा :
निमूट, कारण बरोबर आहे, सल्ला धोक्याचा. ही गोळी ठोके वाढू देत नाही. ६४ वयाला २२० वजा ६४ म्हणजे १५६, त्याचे ८५ टक्के म्हणजे साधारण १३३ ठोके गाठायचे असतात. गोळी पोटात असली की माणूस ११० ला थकतो आणि रिपोर्टवर 'निष्कर्ष नाही' येतं. म्हणून निदानासाठी टेस्ट असेल तर डॉक्टर एक-दोन दिवस थांबवतात. पण ज्याला चढावर दडपण येतंय त्याने ती आपणहून एकदम सोडली तर ठोके उसळतात आणि दडपण वाढतं. ताई, क्लिनिकला फोन करून एवढंच विचारा: "टीएमटी गुरुवारीच आहे का, मेटोप्रोलोलचं काय करू?" सांगतील तसं करा.

बारामाही :
टीएमटीत भर एवढी की दोन-तीन तास आधी हलका नाश्ता, चहा-कॉफी नाही, बूट घालून, चपलेवर नाही. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, नंतर ४ आणि १२ टक्के. पुढची दांडी घट्ट धरून लोंबकळलं की मशीन खोटी ताकद दाखवतं, नुसती बोटं टेकवायची. दडपण आलं की तिथेच सांगायचं. "अजून थोडं जमेल" हा हट्ट नको, त्या मिनिटाची नोंदच डॉक्टरांना हवी असते. गुडघे दुखत असतील तर आधीच बोला, दुसरे मार्ग आहेत.

शेवंती :
गुडघे दुखतातच. आणि समजा थेट अँजिओग्राफी सांगितली तर?

गवतीचहा :
६४ वय, मधुमेह आणि चढावरचं असं ठराविक दडपण पाहता सांगूही शकतात, त्यात गैर नाही. अँजिओग्राफी म्हणजे नळीतून डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून धमन्यांतले ब्लॉक पाहणं. ट्रेडमिल जमत नसेल तर इंजेक्शन देऊन स्ट्रेस इको किंवा सीटी अँजिओही (सीटी स्कॅनवर धमन्या पाहणं) होते. सीटीला ठोके साठ-पासष्टच्या आत लागतात, म्हणून तिथे मेटोप्रोलोल उलट वाढवून देतात. दोन्ही अँजिओंत डाय जातो, त्यासाठीच क्रिएटिनिन. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मेटफॉर्मिन काही काळ थांबवतात.

आता खरा मुद्दा संमतिपत्राचा. पुष्कळदा अँजिओग्राफीआधीच 'गरज वाटल्यास लगेच अँजिओप्लास्टी' (फुग्याने धमनी उघडून स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवणं) यावर सही घेतात. मग टेबलावर वडील आणि बाहेर तुम्ही, दहा मिनिटांत उत्तर द्या. त्यापेक्षा आधीच ठरवा: डावी मुख्य धमनी किंवा तीन धमन्यांत ब्लॉक दिसला तर तिथे थांबायचं, मधुमेहात अशा वेळी बायपासचाही विचार असतो. आणि विचारा की स्टेंटने दडपण कमी होईल की आयुष्य वाढेल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्किमिया' चाचणीत, ५,१७९ स्थिर रुग्णांमध्ये, औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट-बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. दडपणाचा त्रास मात्र कमी झाला. मुख्य डाव्या धमनीचे आणि कमजोर पंपाचे (ईएफ फार कमी असलेले) रुग्ण त्यात नव्हते, म्हणून ते दोन्ही आधी पाहायचं.

महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर रेशनकार्ड आणि आधार गुरुवारीच सोबत ठेवा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) आधी भेटा. मंजुरी प्रोसिजरच्या आधी लागते. निघताना अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, नुसता कागद नको. दुसरं मत घ्यायला गेलात तर तीच पाहतात.

शेवंती :
क्लिनिकला फोन केला. गुरुवारी फक्त तपासणी, ईसीजी आणि इको. मेटोप्रोलोल चालू ठेवायला सांगितलंय. इडली खाऊन निघतो, पाकिटं पिशवीत भरली.