पोर्टेबल बँडसॉवर (ओंडके चिरायचं, पट्टीसारख्या पात्याचं हलवता येणारं यंत्र) आंब्याच्या फळ्या लाटेसारख्या निघतायत

कराड: अडीच फुटी ओंडका. पहिल्या फळ्या सरळ निघाल्या, नंतर मधोमध जाडी कमी-जास्त. पातं सव्वा इंची. ताण वाढवू का?

तासगाव: ताण तपासा, पण बहुधा दात बोथट झालेत. सालीत माती-वाळू असते. पातं शिरतं त्या रेषेतली साल कुऱ्हाडीने आधी काढा, बांधावरचं झाड असेल तर खिळे-तारही शोधा. पाण्याची धार चालू ठेवा, सरकता गाईड (पात्याला आधार देणारा भाग) लाकडाच्या अगदी जवळ आणा. बोथट पात्याला नुसता ताण दिलात तर तुटेल.

वाई: लाट नसून पातं सतत वर किंवा खालीच जात असेल तर दातांचं सेटिंग, म्हणजे दात दोन्ही बाजूंना किती वाकवलेत ते बघा. ज्या बाजूचे दात जास्त वाकलेले, तिकडे ते ओढतं.

तासगाव: बरोबर. आणि आंबा लगेच काळा पडतो! चिरल्या दिवशीच थप्पी लावा, फळ्यांच्या मध्ये दीड-दोन फुटांवर इंची लाकडी पट्ट्या, एकावर एक सरळ रेषेत.