क्लेअरमाँटचं एक्स-मेन : लेखक तोच, मग बर्न गेल्यावर एवढा फरक का?

कॉमिकवेडा_पुणे : मंडळी, 1975 पासूनचं मार्व्हलचं एक्स-मेन कॉमिक ओळीने वाचतोय, आता 150 व्या अंकाच्या पुढे आलोय. लेखक क्रिस क्लेअरमाँटच, पात्रं पण बरीचशी तीच, तरी 143 नंतर चित्रकार जॉन बर्न गेला आणि आधीची ओढच राहिली नाही. नुसती चित्रं बदलली म्हणून गोष्ट एवढी बदलते का?

शाईवाला : नुसती चित्रं नाहीत रे. मार्व्हलमध्ये तेव्हा आधी प्लॉट ठरायचा, मग आर्टिस्ट पानं काढायचा आणि त्या पानांवर लेखक शेवटी संवाद लिहायचा. म्हणजे कुठला प्रसंग किती ताणायचा, कुठे चेहरा जवळून दाखवायचा, हे बर्न ठरवत होता, शिवाय पुढे तो प्लॉटमध्येही भागीदार झाला. वुल्व्हरिनचंच घे, बर्न कॅनडात वाढलेला, टीममधला एकुलता एक कॅनेडियन बाजूला पडू द्यायचा नाही म्हणून त्याने त्याला लावून धरलं. 132 चा शेवट परत उघड. सगळे पकडले गेलेत आणि खाली गटारात भिजलेला वुल्व्हरिन वर बघतोय, आणि बर्नच्या पेन्सिलवर टेरी ऑस्टिनने फिरवलेली ती धारदार शाई. बघूनच अंगावर काटा येतो!

संध्या_ठाणे : आणि दोघांचं पटत नव्हतं हेही लक्षात घ्या. 140 मध्ये टीममधला ताकदवान कोलोसस झाडाचा बुंधा उपटतो, बर्नने ते सहज उपटल्यासारखं काढलं आणि क्लेअरमाँटने संवादात त्याला धापा टाकायला लावलं, बर्नला ते फार लागलं, थोड्याच दिवसांत तो गेला. पण मला वाटतं त्याच ओढाताणीत डार्क फिनिक्सची, म्हणजे अफाट शक्तीने बिघडलेल्या जीन ग्रेची गोष्ट एवढी घट्ट झाली, एकाला भावना हवी, दुसऱ्याला ताकद, आणि जीनमध्ये दोन्ही आलं. फक्त 137 मधल्या तिच्या मरणाचं श्रेय या जोडीला पूर्ण देऊ नका. त्यांच्या मूळ शेवटात ती शक्ती गमावून जगणार होती, मुख्य संपादक जिम शूटर अडून बसला की तिने अख्खा ग्रह मारलाय तर शिक्षा हवीच.

कॉमिकवेडा_पुणे : बुंध्याचं पान आत्ता काढून बघितलं, खरंच चित्र एक सांगतंय आणि संवादाचा फुगा दुसरंच! मग बर्ननंतरचे, डेव्ह कॉकरमने काढलेले अंक सोडून थेट 165 घेऊ का?

शाईवाला : अजिबात सोडू नकोस दादा. स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस यांचं रूप कॉकरमनेच दिलंय. 150 मध्ये टीममधल्या निपचित पोरीला, किटीला हातात घेऊन बसलेला मॅग्नेटो बघ, तिथून तो नुसता खलनायक राहत नाही. 165 पासून पॉल स्मिथ येतो, रेषा कमी, चेहरे बोलके, आणि क्लेअरमाँटपण पात्रांच्या मनात जास्त शिरतो. 173 मध्ये स्टॉर्म केस कापून मोहॉक करून समोर येते तेव्हा किटीचा चेहरा नीट बघ. आणि 186 घाईत वाचू नकोस, चित्रं बॅरी विंडसर-स्मिथची आहेत.