पावणेसहाची घरघर (सोसायटी ग्रुप, पार्किंग)

ए-१०१: आज सलग चौथा दिवस. पहाटे पावणेसहाला आमच्या खिडकीखाली सी-३०४ची गाडी घर्र घर्र घर्र, थांब, परत घर्र. सात-आठ वेळा. मग चालू झाली की दहा मिनिटं धूर. नाव घेऊन बोलायचं नव्हतं, पण किती दिवस नाही घ्यायचं?

सी-३०४: वहिनी, माफ करा. थंडी वाढल्यापासून सकाळी त्रास देते. दुपारी, संध्याकाळी एका सेल्फमध्ये उचलते.

बी-४०२: बॅटरी बदला. १४ वर्षांची गाडी आहे.

डी-५०१: काका, गाडी १४ वर्षांची. बॅटरी नाही 😄

सी-१०२: आधी एवढंच सांगा. सेल्फ मारल्यावर इंजिन झपाझप फिरतं पण पकडत नाही, की मुळातच जड, मरगळून फिरतं? दोन्हीची कारणं वेगळी, औषधंही वेगळी. हे कळेपर्यंत काहीही बदलू नका.

बी-४०२: थंडीत बॅटरीच बसते. सांगून ठेवतो.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, ग्रुप सूचनांसाठी आहे. आणि सोसायटीची जंप केबल ज्यांनी नेली आहे त्यांनी परत आणून द्यावी.

ए-२०३: विषय निघालाच आहे तर, माझ्या डिझेलचंही हेच. सेल्फ मारताना पांढरा धूर. पण सेल्फआधी सिलिंडर तापवणाऱ्या हिटर प्लगचा दिवा लागतो नि विझतो, म्हणजे प्लग ठीकच ना?

सी-१०२: नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त टायमरचा असतो. चारही प्लग जळाले तरी वेळेवर विझतो. प्लगवरची जोडपट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिन ब्लॉक असा मीटरने ओहम, म्हणजे रेझिस्टन्स मोजा. १ च्या आसपास किंवा त्याहून कमी आला तर चांगला, सर्किट तुटलेलं दिसलं तर गेला. चारही ठीक निघाले तर प्लगला करंट देणारा रिले बघा, हिटिंगच्या वेळी प्लगवर बॅटरीएवढा व्होल्टेज आला पाहिजे. पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पेटत नाहीये. धूरच आला नसता तर डिझेलच्या लाइनने हवा धरली का, ते आधी बघायला सांगितलं असतं.

ए-२०३: मग प्लग मीच काढतो रविवारी.

सी-१०२: इंजिन गरम असताना काढा, आणि घट्ट वाटला तर जोर करू नका. कार्बनमध्ये रुतलेला प्लग हेडमध्ये तुटला की काम दहापट वाढतं. आणि कुणी इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारायला सांगेल, हिटर प्लगच्या गाडीत तो अजिबात मारायचा नाही. लाल तापलेल्या प्लगवर तो नको त्या क्षणी भडकतो आणि पिस्टनसुद्धा फुटू शकतो.

ए-१०१: माझ्या झोपेचं काय ठरलं?

सी-१०२: वहिनी, त्याच्यावरच येतोय. ३०४, फिरतं पण पकडत नाही, की मरगळून फिरतं?

सी-३०४: झपाझप फिरतं. पकडत नाही. सहाव्या-सातव्या सेल्फला धरते, मग मिनिटभर मिसिंग, अडखळत चालते, नंतर ठीक.

बी-४०२: तरी बॅटरी.

बी-१०४: काकांचं समाधान मीटरनेच करू. रात्रभर उभ्या गाडीवर, काही चालू करायच्या आधी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ पाऊण, १२.२ अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मीटरची टोकं टर्मिनलच्या क्लॅम्पला नाही, शिशाच्या खांबाला लावा. मग दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला लावा आणि आकडा बघत राहा. ९.६ च्या खाली जायला नको.

सी-३०४: उभी १२.५. सेल्फ मारताना १०.४.

बी-४०२: १२.५ म्हणजे १२.६ नाही.

बी-१०४: काका, ०.१ व्होल्टने गाडी अडत नाही. सेल्फ जड फिरत असता तरीसुद्धा बॅटरी टाकायच्या आधी अर्थ वायर बघितली असती. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ. ०.२-०.३ पर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट दिसला तर वायर नाहीतर तिचं बोल्ट गंजलंय. चांगली बॅटरी त्यापायी उगाच फेकली जाते.

डी-५०१: म्हणजे केबल लावून बघायचीही गरज नाही. तेवढंच बरं, केबल आहे कुठे 😄

बी-४०२: केबल लावताना शेवटी काळी वायर बंद बॅटरीच्या मायनसला लावायची असते, तेही कुणाला धड येत नाही.

बी-१०४: काका, तिथेच चूक होते. शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला लावायचं, बॅटरीपासून लांब. जोडताना ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

बी-४०२: आम्ही इतकी वर्षं लावली.

बी-१०४: लावली असेल हो. चूक ती चूकच.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक वाद टाळावेत. केबल?

सी-१०२: ३०४, आता पेट्रोल. उद्या सकाळी सेल्फ न मारता चावी ऑन करा, ३ सेकंद थांबा, ऑफ. असं दोनदा. मागच्या सीटखालून पंपाची बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. तिसऱ्यांदा सेल्फ. त्याने लगेच उचलली तर रात्रीत लाइनचं प्रेशर उतरतंय, म्हणजे पेट्रोल मागे जाऊ न देणारा पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेलाय किंवा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळतोय. आणि एका सेल्फला १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती. सलग मारत राहिलात तर सेल्फ मोटर तापेल, मग काकांची बॅटरीसुद्धा खरंच बसेल.

ए-१०१: म्हणजे उद्याही आवाज आहे. चांगलं.

सी-१०२: तपासायचं तर थंड इंजिनावरच लागतं वहिनी, दुपारी दोष दिसतच नाही. दोन सकाळी द्या.

(दुसरा दिवस)

सी-३०४: पंपाचा आवाज येतोय. पण फरक शून्य. पाच सेल्फ.

सी-१०२: बरं. आता ठिणगीची कॉइल आणि इंजेक्टरच्या पिना जागेवर आहेत ना बघा, आणि चार सेल्फ फुकट गेल्यावर एक स्पार्क प्लग काढा. ओला, पेट्रोलचा वास मारणारा असेल तर पेट्रोल येतंय आणि ठिणगी कमी पडतेय. कोरडा असेल तर पेट्रोलच कमी येतंय.

सी-३०४: प्लग कोरडा. वास नाही. टोक फिकट राखाडी.

डी-५०१: जुन्या गाड्यांना चोक असायचा. खेचला की झालं. हे इंजेक्शन म्हणजे नुसती डोकेदुखी.

सी-१०२: चोक आताही आहे, खेचणारा हात बदलला. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, म्हणजे कुलंटचा टेंपरेचर सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो इंजिन किती गार आहे, आणि तो त्या हिशेबाने जास्त पेट्रोल सोडतो. सेन्सर खोटं बोलला तर चोक कधी खेचलाच जात नाही. मग प्रत्येक सेल्फला थोडं थोडं पेट्रोल साठत जातं आणि सहाव्या-सातव्याला जेमतेम पेटतं. गरम इंजिनाला जास्तीचं पेट्रोल लागतच नाही, म्हणून दुपारी सगळं गोड. कुणाकडे त्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा स्कॅनर आहे?

बी-१०४: माझ्याकडे आहे, खाली वॉचमनकडे ठेवते. उद्या सेल्फ मारायच्या आधी, नुसती चावी ऑन करून दोन आकडे वाचा. कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत, चार-पाच अंशांचा फरक ठीक.

बी-४०२: सोपी गोष्ट अवघड करून सांगायची सवय आहे लोकांना. बॅटरी बदला.

(तिसरा दिवस)

सी-३०४: हवा ११. कुलंट ५१.

डी-५०१: गार पडलेल्या गाडीला ५१ ताप. पट्ट्या ठेवा कपाळावर.

सी-३०४: पण मीटरवरचा काटा तर तळालाच आहे, थंडवर.

सी-१०२: जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर बऱ्याचदा वेगळा असतो. काटा खरं बोलला म्हणून कॉम्प्युटरला खरं कळतंय असं नाही.

बी-१०४: सेन्सर आणायच्या आधी एक गोष्ट करा. त्याची पिन काढा आणि परत स्कॅनर बघा. उणे ४० दाखवलं तर वायरिंग ठीक आहे. तेव्हाही गरमच दाखवलं तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. पिनला गंज असता तर रेझिस्टन्स वाढला असता आणि कॉम्प्युटरला इंजिन खऱ्यापेक्षा गार वाटलं असतं. तुमचं उलटं आहे.

सी-३०४: पिन काढल्यावर उणे ४०. सेन्सरचा ओहमही मोजला, ८०० च्या जवळ.

बी-१०४: बहुतेक सेन्सरना २० अंशांवर दोन ते अडीच हजार ओहम असतो, ११ वर त्याहून बराच जास्त. ८०० म्हणजे पन्नाशीचाच आकडा. सेन्सर गेला.

सी-१०२: बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. रेडिएटरचं झाकण उघडून दाब सोडा आणि परत लावा, मग कुलंट कमी वाहतं. नवा सेन्सर नवीन वॉशरसकट हातात तयार ठेवा, जुना काढला की लगेच तो बसवा. कपभर कुलंट सांडेल. फार आवळू नका, बसायची जागा प्लॅस्टिकची असेल तर चीर जाते. मग त्याच जातीचं कुलंट भरा, हिटर फुल गरमवर ठेवा, फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत आयडलला ठेवा, गार झाल्यावर पातळी परत बघा. हे मात्र मोकळ्या जागेत. बंद पार्किंगमध्ये नाही, सायलेन्सरमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ए-१०१: हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, धुराचं.

सी-१०२: तुमचं बरोबरच आहे. रोज दहा मिनिटं उभी तापवायचीही गरज नाही. अर्धा-एक मिनिट झालं की निघायचं, पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश.

(पाचवा दिवस)

सी-३०४: बदलला. सकाळी हवा १०, कुलंट १०. पहिल्या सेल्फला चालू, मिसिंग नाही. सगळ्यांचे आभार. वहिनी, परत सॉरी.

बी-४०२: अभिनंदन. बॅटरीचं पाणी तेवढं बघून घ्या.

ए-१०१: आवाज नव्हता, खरं आहे. पण खिडकीखाली फरशीवर हिरवं पाणी कसलं सांडलंय?

सी-३०४: कुलंट असेल. फॅनची वाट बघायला गाडी तिथे मोकळ्यात लावली होती, तिथेच पाइपातून थोडं गळलं. संध्याकाळी पाणी मारतो.

सी-१०२: संध्याकाळी नाही, आत्ता. आणि नुसतं पाणी मारू नका, पसरेल. वाळू किंवा भुसा टाकून भरून घ्या, मग धुवा. ते चवीला गोड लागतं, मांजरं चाटतात आणि मरतात.

ए-१०१: दोन पिल्लं तिथेच झोपतात!!

सी-३०४: उतरलोच.

डी-५०१: वाळू डी विंगच्या जिन्याखाली आहे. पोत्यामागे बघा, लाल-काळी केबलपण पडलीये तिथे.

सेक्रेटरी: तिथे कुणी ठेवली?