६० एफपीएसचं फुटेज २४ वर आणल्यावर अडखळतंय, रापणीचा व्हिडीओ आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात गावी मालवणला गेलो होतो तेव्हा आमच्या वाडीची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी, शूट केली. होडी अर्धगोल मारून जाळं सोडून आली की दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि मग नुसतं ओढणं. मोठे काका सत्तरीच्या पुढचे आहेत, अजून दोराला असतात. एका शॉटमध्ये त्यांचे हात एकदम जवळून आलेत, ओल्या दोराचं पाणी कोपरावरून ठिबकतंय, टाचेखालची वाळू खचतेय. हा शॉट मला कसाही करून वाचवायचाय.

अडचण अशी की सगळं मोबाईलवर फोरके ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) घेतलं, सेटिंग ऑटो, सकाळचे दहा वाजलेले आणि ऊन असलं की शटर (एका फ्रेमवर उजेड पडू देण्याचा वेळ) एकदम कमी झालं असणार. घरी टीव्हीवर लावलं तर काकाच म्हणाले, "ह्यां शिरेलीसारख्यां दिसतां रे," म्हणजे टीव्ही सिरियलसारखं. आणि खरंच तसंच दिसतं, सगळं जास्तच गुळगुळीत. म्हणून सिनेमासारखं दिसावं म्हणून दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २४ एफपीएसची टाइमलाइन केली, तर कॅमेरा किनाऱ्यावरून फिरवलेला शॉट झटके खात चालतो. ऑप्टिकल फ्लो (सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम स्वतः बनवतं) लावून बघितला, झटके कमी झाले पण लाटेचा फेस जेलीसारखा हलतो आणि काकांचा अंगठा मध्येच दोरात वितळतो, ते बघवत नाही. फ्रेम ब्लेंडने (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळून) प्रत्येक गोष्ट दोन-दोन दिसते.

आता पाऊस लागला, रापण बंद. परत शूट करायचं तर नारळी पौर्णिमेनंतरच. आहे त्याच फुटेजमधून काय होईल ते सांगा प्लीज.

प्रतिसाद

दादा, मी रत्नागिरीत लग्नाचं शूटिंग करतो, हे दर सीझनला भोगलंय. ६० ला २४ ने भागलं की अडीच येतं. अर्धी फ्रेम तर घेता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर एकदा दोन फ्रेम पुढे उडी मारतं, एकदा तीन, आणि तोच झटका तुम्हाला कॅमेरा फिरताना दिसतो. २४ चा हट्ट सोडा आणि ३० ची टाइमलाइन करा, एकाआड एक फ्रेम जाते, हिशोब सरळ. ऑप्टिकल फ्लो बंद ठेवा, पाणी, फेस, दोर, बोटं असल्या गोष्टींत तो फसतोच.

काकांच्या हाताचा शॉट मात्र स्लो करा. ३० वर ५० टक्के स्पीड दिलात की ६० च्या ६० फ्रेम वापरल्या जातात, एकही नवीन बनवावी लागत नाही. आवाज तेवढा वेगळा काढून मूळ वेगात खाली लावा.

अजून एक, मोबाईलचं फुटेज बहुतेक व्हेरिएबल फ्रेम रेटचं असतं, म्हणजे सेकंदाला फ्रेम कमीजास्त होतात. आधी हँडब्रेक या व्हिडीओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारखं) करून घ्या, नाहीतर लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू सरकतो.

आणि स्पष्ट सांगतो, सिनेमाचा लूक नुसत्या २४ ने येत नाही. हलत्या हाताला जो थोडा धूसरपणा येतो तो शटरचा, २४ ला साधारण १/५० सेकंद लागतो. उन्हात १/१६०० ने घेतलेली फ्रेम चाकूने कापल्यासारखी येते, तो धूसरपणा नंतर एडिटिंगमध्ये थोडाफार घालता येतो पण खऱ्यासारखा नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार दादा. कालच ३० वर केलं, किनारा सरळ फिरतो आता. हातांचा शॉट अर्ध्या वेगात लावला, थेंब कोपरावरून सुटताना दिसतो आणि खाली लोकांचा खरा आवाज. काकांनी दोनदा बघितला, काही बोलले नाहीत, तिसऱ्यांदा लाव म्हणाले.

आता पौर्णिमेनंतरची तयारी करतोय. मॅन्युअल ॲपमध्ये २५ एफपीएस आणि १/५० लॉक करणार, कारण संध्याकाळी मांगरात (जाळी ठेवायच्या शेडमध्ये) बल्बखाली जाळी शिवतात तेही घ्यायचंय आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिथे २५ ला लाइट फडफडत नाही असं वाचलं. १/१६०० वरून १/५० म्हणजे ३२ पट उजेड कमी करायचा, म्हणजे एनडी ३२ (उजेड कमी करणारी काळी काच, फिल्टर) घ्यायला हवा ना? मोबाईलवर क्लिपने लावायचा कोणी वापरलाय का, खाऱ्या वाऱ्यात काचेवर थर बसतो तो कशाने पुसता?