शाळा सोडली, पण घराचीच शाळा झाली

प्रश्न

नमस्कार. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी, पुष्कळ विचार करून, आम्ही दोघांनाही घरीच शिकवायचे ठरवले. मी वेळापत्रक आखून भिंतीवर लावले, विषयवार वह्या केल्या आणि सकाळी नऊ ते एक नेमाने शिकवायला बसू लागले. परंतु बहुतेक दिवशी साडेदहाच्या सुमारास मुलगा पेन्सिल खाली ठेवतो, माझा आवाज चढतो आणि धाकटी रडू लागते. परवा तो म्हणाला, "आई, तू आता शाळेतल्या बाईंसारखीच बोलतेस." ते वाक्य मनातून जात नाही. ज्यांनी हा मार्ग काही वर्षे चोखाळला आहे, त्यांनी सुरुवात कशी केली हे सांगितले तर मोठा आधार होईल.

प्रतिसाद १

आम्ही सात वर्षे दोन मुलींना घरी शिकवत आहोत, आणि तुमचे लिहिणे वाचताना मला आमचेच पहिले दिवस आठवले. माझे स्पष्ट मत आहे की वेळापत्रक काही आठवडे बाजूला ठेवावे. शाळेतले तास वर्गभर मुलांना सांभाळत शिकवण्यासाठी आखलेले असतात. एकाच मुलाला जवळ घेऊन शिकवताना तेवढा वेळ लागतच नाही. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी लहान मुलांचे पाठ १५-२० मिनिटांचेच असावेत, असा आग्रह धरला होता. एकदाच वाचून दाखवलेला उतारा मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगावा, ही त्यांची पद्धत आम्हांला सर्वांत उपयोगी पडली, कारण मुलीला काय उमगले आणि काय निसटले, हे त्यातून लगेच कळते.

आवाज चढण्याविषयीही लिहितो. आठ ही संख्या चारपेक्षा मोठी, म्हणून एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, असे थोरली ठामपणे म्हणत होती. मी नियम तीनदा सांगितला, तिसऱ्यांदा चिडून. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात फक्त कागदाची एक लांब पट्टी दिली. तिने ती दुमडली, पुन्हा दुमडली, आणि तिसऱ्यांदा दुमडल्यावर हातातल्या आखूड घडीकडे पाहत म्हणाली, "भाग वाढले की वाटा लहान होतो." त्या वेळी मी गप्प राहिलो, म्हणूनच ते तिचे तिला सापडले, असे मला आजही वाटते.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत आहे. मात्र तारीखवार नोंदवही आजपासूनच ठेवा. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे असल्याने घरच्या शिक्षणाला सहसा परवानगी मिळत नाही, तर अमेरिकेत ते सर्व ५० राज्यांत कायदेशीर असूनही नोंदींच्या आणि चाचण्यांच्या अटी राज्यागणिक बदलतात. तेव्हा आपल्याकडचे नियम नीट वाचून घ्यावेत. आम्ही पहिली दोन वर्षे काहीच लिहून ठेवले नव्हते, आणि पुढे परीक्षेला बसवताना मुलाचे काय शिकून झाले आहे, हे आठवून आठवून लिहावे लागले.

प्रतिसाद ३

माझा अनुभव थोडा निराळा आहे. मुलगी अभ्यासात रमली होती, पण अकराव्या वर्षी तिने स्वतःच शाळेत जायचे आहे असे सांगितले, कारण तिला रोज भेटणाऱ्या मैत्रिणी हव्या होत्या. आठवड्यातून एकदा होणाऱ्या भेटींत ती जवळीक तयार होत नव्हती आणि ते माझ्या फार उशिरा लक्षात आले. अभ्यासाची घडी आज ना उद्या बसेल. सोबतीचा विचार मात्र आत्ताच करावा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वेळापत्रक आज उतरवले. एकच विचारायचे राहिले: नऊ आणि सहा वर्षांच्या मुलांना एकत्र कसे बसवावे?

प्रतिसाद १

गोष्ट, इतिहास, निसर्ग हे दोघांना एकत्र वाचून दाखवा आणि परत सांगण्याची पहिली पाळी धाकटीला द्या, नाहीतर थोरल्याचे ऐकून ती तेच म्हणते. गणित आणि वाचन मात्र वेगवेगळेच घ्या.