‘पीअर’ला मराठीत काय म्हणावं?

शाईचा डाग
एका संस्थेचं पत्रक मराठीत करतेय. निरीक्षणगृहातून बाहेर आलेल्या आणि नशा सोडू बघणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. प्रत्येक मुलाला ते एक ‘पीअर’ जोडून देतात, म्हणजे याच सगळ्यातून गेलेला आणि आता सावरलेला कुणीतरी. मी बिनदिक्कत ‘समवयस्क सहायक’ लिहून टाकलं. संस्थेच्या बाईंनी समासात लिहिलं, “आमचा पोरगा २६ वर्षांचा आहे. समवयस्क कसा?” आता वयाशी संबंध नसलेला आणि ‘हे भोगलेला’ असं सांगणारा शब्द हवाय. मुलांना वाचताक्षणी कळला पाहिजे.

मुळाक्षर
समानुभवी. किंवा थेट समव्यसनी. ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’ विसरलात का? तिथे व्यसन म्हणजे संकट. वि + अस्, दूर फेकणे. एकाच संकटात सापडलेल्यांची मैत्री, म्हणजे तुमचा पीअरच की.

पेठकर
समव्यसनी म्हटल्यावर मला एकाच टपरीमागे उभे असलेले दोघं दिसतात. पत्रक वाचून मुलाची आई संस्थेत काठी घेऊन येईल.

मुळाक्षर
लोक मूळ अर्थ विसरले, यात शब्दाचा काय दोष?

पेठकर
आणि आईचा तरी काय?

खान्देशी
एवढी डोकेफोड कशाला? ‘साथीदार’ लिहा ना सरळ.

आडवाट
साथीदार अजिबात नको. पेपरात साथीदार फक्त चोराला असतो. ‘साथीदारासह अटक’, ‘साथीदार फरार’. बाल न्याय मंडळाच्या आवारात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तिथे एखाद्या मुलाला ‘तुझा साथीदार’ म्हणून बघा, तो आधी “मी नव्हतो तिथं” म्हणेल. ‘भिडू’ म्हणजे ज्याच्याबरोबर पकडला गेला तो. ‘संगत’ आणि ‘सोबत’ तर घरच्यांच्या तोंडी कायमच: संगतीनं बिघडला, वाईट सोबत लागली. बरोबर असणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे जेवढे शब्द आहेत, ते या मुलांपुरते आधीच बदनाम झालेत.

शब्द शोधण्याआधी तो माणूस करतो काय ते बघा. तारखेला मुलाशेजारी बाकड्यावर बसून राहतो. परतताना जुना कट्टा टाळून लांबच्या रस्त्यानं नेतो. रात्री “लई ओढावंसं वाटतंय” असा फोन आला की उपदेश न करता क्रिकेटवर बोलत बसतो. आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) चुगल्या करत नाही. एकदा तसा वास आला की पोरगा पुन्हा तोंड उघडत नाही. मुलं त्याला ‘दादा’ म्हणतात, बस.

खान्देशी
दादा! दादा म्हणजे काय ते आमच्या गल्लीत येऊन विचारा.

दूरदेशी
केंद्राच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१४) पीअर एज्युकेटरला ‘साथिया’ नाव दिलंय. आयतं आहे, घ्या.

मुळाक्षर
हिंदी आहे. ‘सांगाती’ घ्या. अस्सल मराठी, वारीच्या वाटेवरचा. जो आपलं सांगतो आणि दुसऱ्याचं ऐकतो तो सांगाती.

पेठकर
सांगण्याशी काही संबंध नाही हो त्याचा! ‘संगात’वरून आला. म्हणजे परत संगत. आडवाट यांनी मघाशीच निकालात काढली ती.

चहाबाज
मी मीटिंगला जातो म्हणून बोलतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ पासून याच तत्त्वावर चाललंय, पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून, आणि तिथले कितीतरी समुपदेशक स्वतः त्यातूनच बाहेर आलेले. आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला आम्ही ‘स्पॉन्सर’ म्हणतो, ‘शेअरिंग केलं’ म्हणतो, ‘स्लिप झाली’ म्हणतो. ‘पुनरपि व्यसनाधीन झालो’ असं रडवेल्या आवाजात म्हणून दाखवा कुणीतरी. एचआयव्हीच्या कामातही ‘आज पीअर आली नाही का?’ असंच ऐकलंय. पीअर मराठीच आहे, ठेवा तसाच.

मुळाक्षर
असंच करत करत उद्या क्रियापदंच तेवढी मराठी उरतील.

शाईचा डाग
पुढचं वाक्य आणखी वाईट आहे. ‘विधिसंघर्षग्रस्त बालकांसाठी’. हे खरंच असं छापायचं?

पेठकर
पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, विधिसंघर्षग्रस्त. कायद्याला पूर आला आणि पोरं वाहून गेली.

आडवाट
हसा, पण कारण आहे त्याला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम ३ मध्ये हे तत्त्वच दिलंय, की मुलांबाबत आरोप करणारे किंवा कलंक लावणारे शब्द वापरायचे नाहीत. ‘बालगुन्हेगार’ त्यात बसत नाही. शब्द बोजड आहे, हेतू नाही. अर्थात निरीक्षणगृहाला आया अजून ‘रिमांड होम’च म्हणतात आणि मुलं ‘रिमांडला होतो’. पत्रकात सरळ ‘केस झालेल्या मुलांसाठी’ लिहा. सगळ्यांना कळतं.

दूरदेशी
कलंकाचंच म्हणाल तर ‘गर्दुल्ला’ आधी हद्दपार करा. व्हाइटनर हुंगणारं पोर असो की नशेच्या ‘बटन’ गोळ्या खाणारं, पेपरवाल्यांना सगळे गर्दुल्लेच.

खान्देशी
गर्द म्हणजे ब्राउन शुगर ना? व्हाइटनरवाला गर्दुल्ला कसा होईल? शब्दच चुकीचा वापरतात.

चहाबाज
‘गर्द’ म्हणजे धूळ, फारसीतून आलेला. पण पुढचं ‘उल्ला’? माझी शंका अशी की छकुला, सोनुला, तसाच गर्दुला. आधी लाडानं म्हणत असतील.

पेठकर
लाडानं?! स्टेशनवर पाकीट गेलं की किती लाड येतो बघा!

शाईचा डाग
मंडळी, पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. पीअरचं काय करू?

मुळाक्षर
छकुल्यात ‘ल’ एकच आहे. गर्दुल्ल्यात दुसरा कुठून आला, ते चहाबाज यांनी आधी सांगावं.