विषय: व्हिसा नाकारला, भाचीची फी अडकली आहे

नमस्कार मंडळी,
भाचीने इथल्या एका खासगी कॉलेजात डिप्लोमाला प्रवेश घेतला होता. कोर्स सुरू व्हायच्या आधीच तिचा स्टुडंट व्हिसा नामंजूर झाला. भरलेल्या 9,000 डॉलरमधून कॉलेज 2,500 'प्रशासकीय खर्च' म्हणून कापणार म्हणतंय. एजंट म्हणतो, करारावर सही केलीत, आता विसरा. बहिणीने दागिने गहाण ठेवून पैसे उभे केलेत हो. कुणी मार्ग सांगेल का?
– मेलबर्नहून, तिची मावशी

---

ताई,
एजंटचं अजिबात ऐकू नका. व्हिसा नाकारला गेला असेल तर किती कापायचं हे कॉलेज ठरवत नाही. ऑस्ट्रेलियात 2000च्या ईसॉस कायद्याखाली (परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षणसेवांचा कायदा) हिशेब बांधून दिलेला आहे: कोर्सच्या आधी नकार आला, तर भरलेल्या फीचे 5 टक्के किंवा 500 डॉलर, यांतली जी रक्कम कमी असेल तेवढीच कापता येते. तुमचे 5 टक्के होतात 450. म्हणजे 8,550 परत यायला हवेत, तेही चार आठवड्यांत. हे आठवडे प्रवेश रद्द केल्यापासून मोजतात. भाचीने तसं लेखी कळवलंय का?

फोनवर बोलत बसू नका, सगळं ईमेलवर. नकाराचं पत्र जोडून कॉलेजच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. 10 कामकाजाच्या दिवसांत त्यांना तो हाती घ्यावा लागतो आणि निर्णय लेखी द्यावा लागतो. नाही पटला तर कॉमनवेल्थ ओम्बड्समनकडे, म्हणजे सरकारी स्वतंत्र तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथे पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. (विद्यापीठाचं प्रकरण असतं, तर 1 फेब्रुवारी 2025 पासून नॅशनल स्टुडंट ओम्बड्समन.)
– विद्यार्थी मदत गटातून

---

मंडळी, एक भर घालतो. हा नियम व्हिसा नाकारला तरच. माझ्या मुलाने स्वतःहून कोर्स सोडला, तेव्हा करारातलं परताव्याचं कलमच लागू झालं आणि हाती फार थोडं आलं. सही करण्याआधी ते एक पान वाचलं असतं, तर सत्र सुरू होण्यापूर्वीच निर्णय घेतला असता. आणि ताई, करारात परतावा कोणाला द्यायचा ते नाव जरूर बघा.

---

दोघांचेही आभार. करार आत्ता उघडून पाहिला: परतावा घेणाऱ्यांत एजंटचं नाव आहे! शिवाय प्रवेश रद्द केल्याचं आम्ही फक्त फोनवर सांगितलं होतं. भाची आज रात्रीच ईमेल पाठवतेय, पैसे तिच्याच खात्यात जमा करा असं स्पष्ट लिहून.